निळा पडदा: कोसळणाऱ्या संगणकाची जबानी

विंडोजच्या गाभ्यात ‘के-बग-चेक-ईएक्स’ नावाचे एक फंक्शन आहे. बहुतेक फंक्शने आपले काम आटोपले की ज्याने बोलावले त्याच्याकडे परत जातात. हे कधीच परत जात नाही. त्याला हाक गेली की प्रोसेसरचे सगळे कोअर जागच्या जागी थांबतात, पडदा निळा होतो, त्यावर इंग्रजी मोठ्या अक्षरांत एक नाव उमटते आणि मेमरीतला मजकूर डिस्कवर उतरवला जातो. घरात कोणीतरी म्हणते, ‘गेला कॉम्प्युटर!’ तो गेलेला नसतो. आपल्या आतल्या हिशेबात कधीही घडू नये अशी गोष्ट घडलेली दिसल्यामुळे त्याने पुढे काम करायला साफ नकार दिलेला असतो. हा नकार तुमच्या भल्याचाच असतो. बिघडलेल्या मेमरीनिशी तो तसाच रेटत राहिला असता, तर तीच चूक तुमच्या फोटोंमध्ये नि हिशेबाच्या फायलींमध्ये कायमची लिहिली गेली असती.

वर्षा-दोन वर्षांतून एकदा असे झाले तर संगणक पुन्हा सुरू करावा आणि विसरून जावे. पण तोच पडदा आठवड्यातून दोनदा, मग दिवसाआड दिसू लागला, तर ‘बघू पुढे’ म्हणणे परवडत नाही. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सुमारे दहा लाख घरगुती संगणकांच्या बिघाडांचा अभ्यास करून २०११ साली तो प्रसिद्ध केला. हार्डवेअरच्या दोषाने एकदा कोसळलेला संगणक पुन्हा तसाच कोसळण्याची शक्यता, काही दोषांच्या बाबतीत, पहिल्या वेळेच्या मानाने शंभरपटीपर्यंत वाढते असे त्यांना आढळले. म्हणजे असे दुखणे आपोआप बरे होत नाही. पण त्याचे निदान मात्र होऊ शकते, आणि तेही घरबसल्या, कारण प्रत्येक वेळी कोसळताना संगणक स्वतःची जबानी लिहून ठेवतो. बहुतेक लोक ती वाचत नाहीत. अनेक दुरुस्तीवाले तर ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणत ती पुसूनच टाकतात.

हे सगळे गाभ्यातच का घडते? आजच्या प्रोसेसरमध्ये अधिकारांच्या पायऱ्या असतात. इंटेलच्या रचनेत त्या चार आहेत. विंडोज त्यांतल्या दोनच वापरते. तुमचा ब्राउझर, वर्ड, गेम हे सगळे बाहेरच्या पायरीवर चालतात. त्यांच्यापैकी कोणी चुकीच्या जागी हात घातला तर विंडोज तेवढाच प्रोग्रॅम बंद करते आणि बाकीचे काम चालू राहते. आतल्या पायरीवर कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, असतो आणि त्याच्या शेजारी, त्याच मेमरीत, ग्राफिक्स कार्डाचे, वायफायचे, प्रिंटरचे, अँटिव्हायरसचे ड्रायव्हर असतात. त्यांच्यात भिंती नाहीत. स्वस्तातल्या वायफाय डोंगलच्या ड्रायव्हरने एक बाइट भलतीकडे लिहिला, तर तो डिस्कच्या हिशेबातही पडू शकतो. अशी चूक लक्षात आल्यावर कोणाचा भरवसा धरायचा हे ठरवायला कर्नलकडे काहीच मार्ग उरत नाही, म्हणून तो सगळेच थांबवतो.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यात एक गैरसमज फार पसरला आहे. निळ्या पडद्यावरचा मजकूर पुढे मायक्रोसॉफ्टचे प्रमुख झालेले स्टीव्ह बामर यांनी लिहिला, असे अनेक ठिकाणी छापून आले. मायक्रोसॉफ्टचे जुने अभियंते रेमंड चेन यांनी २०१४ साली त्याचा उलगडा केला. बामर यांनी लिहिलेला मजकूर विंडोज ३.१ मधला होता. कंट्रोल, आल्ट आणि डिलीट ही तीन बटणे दाबल्यावर तो दिसे आणि त्याचा कोसळण्याशी संबंध नव्हता. विंडोज ९५ मधला पडदा खुद्द चेन यांच्या हातचा. आणि आज आपण ज्याला निळा पडदा म्हणतो तो १९९३ सालच्या विंडोज एनटी ३.१ साठी जॉन व्हर्ट यांनी लिहिला. रंग निळाच का? तर ते ज्या मिप्स वर्कस्टेशनवर काम करत, त्याचा सुरुवातीचा पडदा निळ्यावर पांढरा होता आणि ते ज्या एडिटरमध्ये कोड लिहीत तोही तसाच होता. त्यामागे याहून खोल काही नाही.

एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्यासमोर, भर सभेत, स्कॅनर जोडताक्षणी विंडोज ९८ चा पडदा निळा झाला. तो प्रसंग आजही हसत हसत सांगितला जातो. त्यातला स्कॅनर मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. नवे उपकरण जोडले की ड्रायव्हर आला, आणि ड्रायव्हर म्हणजे परक्या कंपनीने लिहिलेला कोड थेट गाभ्यात. विंडोज एक्सपीच्या काळात नोंदवल्या गेलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरांमुळे होत असत. हे प्रमाण पुढे घटले, त्यात एका भारतीय संशोधकाचाही वाटा आहे. टॉम बॉल आणि श्रीराम राजामणी या दोघांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये ‘स्लॅम’ नावाचा प्रकल्प उभा केला. ड्रायव्हर चालवून न पाहता, त्याचा कोड तर्काने तपासून तो नियम कुठे मोडतो हे त्यातून सांगता येऊ लागले. राजामणी पुढे बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाचे प्रमुख झाले.

तरीही धोका संपला नाही, हे १९ जुलै २०२४ ला जगाने पाहिले. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक छोटी माहिती-फाइल जगभर पाठवली. तिच्याशी संबंधित कोड २१ रकाने वाचू पाहत होता आणि त्याला मिळत होते २०. एकविसाव्याच्या शोधात ड्रायव्हर हद्दीबाहेर गेला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख संगणक निळे झाले. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. कंपनीने ७८ मिनिटांत चूक मागे घेतली, पण कोसळलेला संगणक नवी फाइल घेण्याइतका वेळ उभाच राहत नव्हता. माणसांनी एकेका यंत्रापाशी बसून, ते सेफ मोडमध्ये सुरू करून, ती फाइल हाताने पुसली.

आता घरच्या संगणकाकडे येऊ.

पहिली अडचण अशी की पडदा वाचून होण्याआधीच संगणक रीस्टार्ट होतो. विंडोजमध्ये तशी मुळातच सोय करून ठेवलेली असते. सिस्टिम प्रॉपर्टीजमधल्या ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’त जाऊन आपोआप रीस्टार्ट होण्याची खूण काढून टाकावी आणि तिथेच ‘स्मॉल मेमरी डंप’ निवडावा. यापुढे प्रत्येक वेळी ‘सी’ ड्राइव्हवर, विंडोज फोल्डरच्या आत, मिनिडंप नावाच्या फोल्डरात एक छोटी फाइल जमा होईल. हीच ती जबानी.

ती लिहिली कशी जाते हे पाहण्यासारखे आहे. कोसळलेल्या यंत्रणेने लिहायचे कसे? डिस्कचा ड्रायव्हरच दोषी असेल तर? फाइल सिस्टिमवरच विश्वास उरला नसेल तर? म्हणून विंडोज सुरू होतानाच, पुढे कधी कोसळण्याची वेळ आली तर, या हिशेबाने डिस्कवर लिहिण्यापुरत्या ड्रायव्हरची एक निराळी प्रत मेमरीत बाजूला ठेवते. पेजफाइल, म्हणजे मेमरीतला मजकूर तात्पुरता ठेवण्याची फाइल, डिस्कवर नेमकी कुठे कुठे पसरली आहे याचा नकाशाही टिपून ठेवते. संकटाच्या क्षणी नेहमीचे सगळे मार्ग सोडून ही राखीव प्रत मेमरीतला मजकूर थेट त्या जागांवर ओतते. पुढच्या वेळी संगणक सुरू झाला की विंडोज पेजफाइलमधून तो मजकूर काढून नीट फाइल बनवते. यावरून एक उपयोगी खूणही मिळते. पडदा निळा होतो, पण मिनिडंप फोल्डर रिकामाच राहतो, असे वारंवार होत असेल तर संशय डिस्कवर, तिच्या केबलवर किंवा एसएसडीवर जातो. लिहायला जागाच मिळाली नाही, असा त्याचा एक अर्थ होतो.

फाइल उघडायला मायक्रोसॉफ्टचे विनडीबीजी हे साधन फुकट मिळते. फाइल उघडून उद्गारचिन्हानंतर ‘अ‍ॅनलाइझ’ आणि पुढे उणे-व्ही अशी एकच आज्ञा द्यायची. ज्यांना एवढेही नको त्यांच्यासाठी नीरसॉफ्टचे ‘ब्लूस्क्रीनव्ह्यू’ पुरते. त्यात सगळ्या घटना एका तक्त्यात दिसतात. इथे नवशिके हमखास फसतात. दोषी म्हणून ‘एनटीओएसकर्नल’चे नाव येते आणि माणूस ठरवतो की विंडोजच खराब झाली. कर्नलचे नाव येणारच, कारण पडदा निळा करण्याचा निर्णय त्याचाच असतो. घर फोडले कोणी, हे त्याच्या आधीच्या ओळी सांगतात.

एक नमुना जवळून पाहू. सर्वांत जास्त दिसणाऱ्या नावांपैकी एक म्हणजे ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल’. कर्नलमधल्या कामांना अग्रक्रमाचे आकडे असतात. साधी कामे शून्यावर चालतात. कोणत्या कामाला प्रोसेसर द्यायचा हे ठरवणारी यंत्रणा दोनवर चालते. मेमरीचा एखादा भाग डिस्कवर गेलेला असेल तर तो परत आणेपर्यंत थांबावे लागते. दोनवर किंवा त्याच्या वर चालणाऱ्या कामाला असे थांबताच येत नाही, कारण थांबवून दुसऱ्याला पुढे करणारी यंत्रणाच त्या वेळी अडलेली असते. तेव्हा दोनवर असलेल्या ड्रायव्हरने हाताशी नसलेल्या मेमरीला हात लावला की खेळ संपला. पडद्यामागच्या नोंदीत चार आकडे येतात. पहिला आकडा म्हणजे कोणत्या पत्त्याला हात लावला तो. दुसरा अग्रक्रम, तिसरा वाचत होता की लिहीत होता, चौथा हे काम करणारी सूचना कुठे होती. चौथ्यावरून ड्रायव्हर सापडतो.

पण माझ्या मते मजा पहिल्या आकड्यात आहे. तो पत्ता शून्याच्या अगदी लगतचा असेल, समजा ८ किंवा २४, तर कोड लिहिणाऱ्याने रिकामा पॉइंटर न तपासता वापरला. ही माणसाची चूक; ड्रायव्हर बदलला की सुटते. पत्ता जवळजवळ बरोबर असून मधलाच एखादा बिट उलटा झालेला दिसला, तर गोष्ट निराळी. प्रोग्रॅमर साधारणपणे एका बिटाने चुकत नाही. एका बिटाने मेमरी चुकते. हा फरक इतका नेमका आहे की विनडीबीजी स्वतःच कोडची मूळ प्रत आणि डंपमधली प्रत ताडून ‘मेमरी करप्शन, वन बिट’ असा शेरा देते.

एका डंपवरून निकाल देऊ नये. चार-पाच जमू द्यावेत आणि शेजारी शेजारी मांडावेत. प्रत्येक वेळी तेच नाव, तोच ड्रायव्हर आणि साधारण तोच प्रसंग असेल, म्हणजे संगणक झोपवताना ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ किंवा गेम खेळताना ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’, तर शोध जवळपास संपला. यातल्या टीडीआरचा हिशेब असा: ग्राफिक्स कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिले नाही तर विंडोज त्याला झटकून पुन्हा सुरू करते, तेही जमले नाही, किंवा मिनिटाभरात हा प्रकार वारंवार घडला, तर पडदा निळा. अशा वेळी ड्रायव्हर नवा घालावा, आणि नव्यानेच त्रास सुरू झाला असेल तर जुना परत आणावा. ड्रायव्हर उत्पादकाच्याच स्थळावरून घ्यावा. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ देणारी साधने मला तरी उपायापेक्षा अपायच वाटतात.

ड्रायव्हरवर संशय आहे, पण नाव निघत नाही, अशा वेळी विंडोजमध्येच ‘ड्रायव्हर व्हेरिफायर’ दडलेला आहे. तो विंडोज २००० पासून सोबत येतो. संशयितांना तो मेमरीत अशा जागा देतो की हद्दीबाहेर एक बाइट गेला तरी त्याच क्षणी पडदा निळा व्हावा, तासाभराने दुसऱ्याच्या नावावर नव्हे. मायक्रोसॉफ्टचे सोडून इतर ड्रायव्हर निवडावेत. कधी कधी व्हेरिफायर लावल्यावर संगणक सुरू होता होताच कोसळतो. तेव्हा सेफ मोडमध्ये जाऊन तो बंद करता येतो हे आधी माहीत असावे, नाहीतर घाबरगुंडी उडते.

आता उलट चित्र. आज ‘मेमरी मॅनेजमेंट’, परवा ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, नंतर आणखी तिसरेच. कधी नेटवर्कचा ड्रायव्हर, कधी अँटिव्हायरस, कधी फाइल सिस्टिम. मधूनमधून ब्राउझरचे टॅबही कोसळतात, झिप फाइल उघडताना खराब असल्याचे सांगते आणि दुसऱ्यांदा तीच नीट उघडते. इतक्या साऱ्या कंपन्यांचा कोड एकाच आठवड्यात बिघडत नाही. हे सगळे ज्या एका जमिनीवर उभे आहेत ती हलते आहे. पहिला संशय रॅमवर घ्यावा.

रॅम इतका वेळ बरोबर चालते हेच खरे तर आश्चर्य. ८ जीबीच्या पट्टीत ६८ अब्जांहून अधिक बिट असतात. प्रत्येक बिट म्हणजे एक सूक्ष्म कपॅसिटर, आणि त्यातला विद्युत्भार सतत गळत असतो. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांत एकदा तरी सगळ्यांना पुन्हा भरावे लागते, म्हणजे सेकंदाला पंधरा वेळा. त्यातल्या एकाची गळती जरा वाढली की तो बिट पुढची पाळी येण्याआधीच विसरतो. १९७८ साली इंटेलच्या टिमोथी मे आणि मरी वुड्स यांनी दाखवून दिले की चिपच्या वेष्टनातल्या युरेनियम-थोरियमच्या अंशांतून निघणारे अल्फा कणही असा बिट उलटवू शकतात. अवकाशातून येणारे कणही ते करतात. २००३ साली बेल्जियममधल्या शारबेक इथल्या मतदानात एका उमेदवाराला ४,०९६ मते जास्तीची मिळाली. ४,०९६ म्हणजे दोनचा बारावा घात, अर्थात एकच बिट उलटलेला. दुसरे काही कारण सापडले नाही, तेव्हा तज्ज्ञांनी बिट आपोआप उलटल्याचाच निष्कर्ष काढला.

पण घरच्या संगणकाचा दोष अवकाशावर ढकलू नये. गूगलच्या सर्व्हरांवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक रॅम पट्ट्यांमध्ये चुका दिसल्या, आणि त्यांचे कारण योगायोगापेक्षा पट्टीतला कायमचा दोष हे अधिक होते. सर्व्हरमधल्या रॅमला चूक ओळखून दुरुस्त करण्याची ईसीसी ही सोय असते. घरगुती संगणकात ती सहसा नसते; तिथे चूक गुपचूप घडते आणि तिचे परिणाम तेवढे दिसतात.

तपासायला विंडोजमध्येच ‘मेमरी डायग्नॉस्टिक’ आहे, पण ते जरा मवाळ आहे. मेमटेस्ट ८६ किंवा त्याचेच भावंड मेमटेस्ट ८६ प्लस पेनड्राइव्हवर घालून, त्यावरून संगणक सुरू करून रात्रभर चालू ठेवावे. ते प्रत्येक जागी ठरावीक नमुने लिहून, उलटे करून, पुन्हा वाचून पाहते. स्वीकारार्ह चुकांचा आकडा शून्य आहे. ‘दोनच तर आल्या’ असे इथे चालत नाही. चूक आली तर एकेक पट्टी स्वतंत्र तपासावी, आणि तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये घालूनही, कारण दोष कधी पट्टीत असतो तर कधी मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये.

इथे आपल्याकडच्या खोडरबराविषयी बोलायलाच हवे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावापर्यंत प्रत्येक दुरुस्तीवाला रॅम काढतो, सोनेरी पट्ट्यांवर शाळेतले पांढरे खोडरबर घासतो, फुंकर मारतो आणि परत बसवतो. संगणक पुष्कळदा चालूही होतो. हा तोडगा अगदीच खोटा नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत संपर्काच्या जागी थर साचतो, आणि नुसते काढून पुन्हा बसवल्यानेही तो खरवडला जातो. पण त्या पट्ट्यांवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. दर महिन्याला घासला तर तोच निघून जाईल. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापड अधिक बरे. फुंकर तर मारूच नये, तिच्यातून ओलावाच जातो. आणि हे सारे करण्याआधी मुख्य वायर काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी.

रॅम निर्दोष निघाली तरी एक प्रश्न उरतो: तिला कोणत्या वेगाने पळवले जात आहे? खोक्यावर छापलेला वेग बहुधा बायॉसमधले ‘एक्सएमपी’ चालू केल्यावरच मिळतो, आणि तो बहुतेक वेळा मानकापेक्षा जास्त असतो. त्रास चालू असेल तोवर एक्सएमपी बंद ठेवून पाहावे. हे फुकट आहे, दोन मिनिटांचे आहे, आणि तरीही फार थोडे लोक करतात.

याच संदर्भात रेमंड चेन यांनी २००५ साली लिहिलेली हकीकत विलक्षण आहे. जगभरातून येणाऱ्या क्रॅश-अहवालांत त्यांच्या सहकाऱ्यांना काही असे दिसले की त्यांचा अर्थच लागेना. प्रोसेसर एका सूचनेवर अडखळला होता, आणि ती सूचना होती एका रजिस्टरला शून्य करण्याची. तिला मेमरी लागत नाही, पत्ता लागत नाही. ती चुकूच शकत नाही. मग ओव्हरक्लॉकिंगचा, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगाहून जास्त पळवल्याचा, संशय आला. संबंधित ग्राहकांना विचारले तेव्हा तो खरा ठरला. त्यांतल्या काहींना तर आपला प्रोसेसर मर्यादेबाहेर पळवला जात असल्याचा पत्ताच नव्हता. विकणाऱ्याने हळूच वेग वाढवून, महागड्या यंत्राच्या तोडीचे म्हणून त्यांच्या गळ्यात मारले होते. वर सांगितलेल्या २०११ सालच्या अभ्यासातही, वेग किंचित वाढवला तरी बिघाड ठळकपणे वाढतात आणि नामांकित कंपन्यांचे संगणक जुळवलेल्या संगणकांहून कमी कोसळतात, असे निघाले. असेंबल्ड संगणक घेणाऱ्याने बायॉसमधले आकडे एकदा स्वतः बघावेत.

प्रोसेसर स्वतः कधीच दोषी नसतो, असे पूर्वी सांगत. २०२४ पासून ते तितक्या ठामपणे म्हणता येत नाही. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांपैकी काहींना त्यांच्या आतला मायक्रोकोड जास्त व्होल्टेज मागत होता, आणि त्याने ते हळूहळू झिजत होते. कंपनीने ऑगस्ट २०२४ पासून दुरुस्त मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मात्र झिजलेला प्रोसेसर मायक्रोकोडने सुधारत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो. या पिढीचा प्रोसेसर असेल तर बायॉस अपडेट आधी, बाकी नंतर. ‘डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर’ हे नाव दिसले तर ती तक्रार विंडोजची नसून थेट हार्डवेअरने नोंदवलेली असते, हेही ध्यानात असावे.

वीज आणि उष्णता यांचे लवकर उरकतो. पडदा निळा न होताच संगणक फटकन बंद होत असेल किंवा रीस्टार्ट होत असेल, तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसते. तिच्यातला बगचेक कोड शून्य असला तर विंडोजला शेवटचे दोन शब्द बोलायलाही वेळ मिळाला नाही असे समजावे. मग एसएमपीएस, प्लग, यूपीएस, मदरबोर्डवर फुगलेले कपॅसिटर हे पाहायचे. स्वस्त एसएमपीएसवर छापलेल्या वॉटवर जाऊ नये; दुसरा चांगला लावून पाहणे हीच खात्रीची चाचणी. प्रोसेसर तापला तर आधी वेग कमी करतो, त्यामुळे नुसत्या धुळीने पडदा निळा होणे तितकेसे नेहमीचे नाही. तरी धूळ काढावीच.

एक बारीक गोष्ट कित्येकांना माहीत नसते. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ केल्यावर कर्नल खरोखर बंद होत नाही. ‘फास्ट स्टार्टअप’मुळे त्याची स्थिती डिस्कवर साठवून दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी उठवली जाते. ड्रायव्हरचा घोळही तसाच उठतो. ‘रीस्टार्ट’ने मात्र कर्नल कोरा सुरू होतो. रोज बंद करूनही दुखणे जात नसेल तर त्यात याचाही हात असू शकतो.

एका वेळी एकच बदल करावा आणि तो तारखेनिशी लिहून ठेवावा. ड्रायव्हर, रॅम आणि बायॉस तिन्ही एका रविवारी बदलले आणि त्रास थांबला, तर कशाने थांबला हे कळत नाही. महिन्याने पुन्हा सुरू झाला की हातात काहीच उरत नाही.

शिवाय एक इशारा: ब्राउझरमध्ये खोटा निळा पडदा उघडून ‘ताबडतोब या नंबरवर फोन करा’ असे सांगणारे भामटे पुष्कळ आहेत. खऱ्या निळ्या पडद्यावर फोन नंबर कधीच नसतो. २०२५ पासून तर विंडोज ११ मध्ये हा पडदा निळा न राहता काळा झाला आहे. त्यावरचा रडका चेहरा आणि क्यूआर कोडही गेले. पण स्टॉप कोडचे नाव आणि चुकलेल्या ड्रायव्हरचे नाव दाखवण्याची सोय राहिली आहे, आणि कामाचे तेच आहे.

तेव्हा संगणक दुरुस्तीला देण्यापूर्वी दोन कामे न चुकता करा. आधी स्वतःच्या फायलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या, कारण दोषी एसएसडी निघाली तर दुसरी संधी मिळत नाही. मग मिनिडंप फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर काढा आणि फॉरमॅटची भाषा करणाऱ्याला आधी त्या फायली उघडायला सांगा. मेमटेस्टमध्ये चूक दिसली असेल तर त्या पडद्याचा फोटो आणि रॅमची पावती सोबत ठेवा. अनेक कंपन्या रॅमवर लांब मुदतीची वॉरंटी देतात आणि पट्टी बदलून मिळू शकते.